पाण्याच्या दिवशी भूतान

दुपारच्या शांततेत नळानं एक सुस्कारा सोडला.

आवाज तसा बारीकच. पंख्याच्या घरघरीखाली सहज दबला असता. पण सोलापुरात ज्या घरात पाचव्या दिवशी पाणी येतं, त्या घरातल्या बाईचा एक कान कायम नळाकडे ठेवलेला असतो. बाळाच्या रडण्यानंतर तिला ताडकन उठवणारा हा दुसराच आवाज.

अंकिता त्या वेळी भूतानात होती. म्हणजे बसली होती स्वयंपाकघरातच, ओट्याला पाठ लावून, फरशीच्या गारव्यावर. पण मांडीवर वही होती आणि वहीत भूतान होतं. पाच वर्षांची संस्कृती, म्हणजे सानू, आत झोपली होती. सासूबाई, बजाबाई, बाहेरच्या खोलीत तोंडावर पदर घेऊन पडल्या होत्या. नवरा आदिनाथ अकलूजकडच्या एका साखर कारखान्यात इंजिनिअर. तो शनिवारी संध्याकाळी उगवायचा. दुपारचा हा दीड तास तेवढा अंकिताचा. या दीड तासात ती रोज थोडी थोडी भूतानला जायची.

सहा वर्षं जात होती. लग्न झालं फेब्रुवारीत, एप्रिलची तिकिटं काढलेली, आणि मार्चमध्ये सगळं जगच आतून कडी लावून बसलं. बजाबाईंनी वाटेत खायला म्हणून करमाळ्याहून चाळीस कडक भाकरी पाठवल्या होत्या. त्या दोघांनी पुण्यातल्या एका खोलीच्या गॅलरीत बसून शेंगाचटणीशी खाल्ल्या. पुढच्या जानेवारीत सानू झाली. मग नवी नोकरी, सोलापूरचं बिऱ्हाड, सानूचे दात, सानूची शाळा. भूतान दर वर्षी 'पुढच्या वर्षी' होत गेलं. वही मात्र भरत गेली. तिकडचा एखादा नियम बदलला की अंकिता जुना खोडून नवा लिहायची. न गेलेल्या प्रवासाची इतकी निगा क्वचितच कुणी राखली असेल.

'आधार कार्ड चालत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र. मुलांचा जन्मदाखला.' 'घड्याळ अर्धा तास पुढे करावे.' 'तिथे मिरची हा मसाला नसून भाजी आहे. आपण सोलापूरचे म्हणून फुशारकी मारू नये.' 'मठात शिरताना टोपी काढावी, बूट बाहेर. प्रदक्षिणा आपल्यासारखीच.' पारोजवळ कड्याला चिकटलेला एक मठ आहे, त्याला वाघाचं घरटं म्हणतात. त्याचा रस्ता तर तिनं वळणावळणानं काढला होता. इथपर्यंत घोडा मिळतो. इथे चहा. इथे पायऱ्या एकदम खाली उतरतात आणि माणसाला वाटतं आपण चुकलो, पण चुकलेलो नसतो.

तर नळानं सुस्कारा सोडला, मग दोनदा खोकला. अंकितानं वही उघडीच वॉशिंग मशीनवर टाकली आणि मोरीकडे धावली.

त्या तीन मजली इमारतीत पाण्याला वर चढायचा जोर नव्हता. जो काही जोर होता तो तळमजल्याच्या नळाला, म्हणजे अंकिताच्या मोरीतल्या. त्यामुळे पाण्याच्या दिवशी वरच्या बायका प्यायच्या पाण्याच्या घागरी घेऊन तिच्याच दारात. आणि पाण्याच्या दिवशी सोलापुरात कुणी कुणाशी वाद घालत नाही, कारण तेवढा वेळ नसतो. समोरचं माणूस काय विचारतंय ते ऐकतही बसायचं नसतं. 'हो' म्हणायचं आणि पुढचं भांडं नळाखाली लावायचं. इथली रीतच ती.

दुसऱ्या मजल्यावरची फिरदोस घागर घेऊन आली. फिरदोस शिवणकाम करायची. कुणाच्याही घरात उघडं पडलेलं काहीही वाचायची तिला सवय होती.

"भूतान?" वॉशिंग मशीनवर वाकून ती म्हणाली. "तू गेली होती का गं अंकिता?"

अंकिताच्या एका हातात पाइप, दुसऱ्या हातात पिंपाचं झाकण, आणि समोर सानूचा टब भरून वाहायला लागलेला.

"हो. जरा ती बादली सरकव."

"लग्नानंतर?"

"हो. ती नाही, ती निळी."

"लई थंड असेल तिकडं."

"हो."

निळी बादली आली, भरली. पाणी चाळीस मिनिटांत गेलं. तीन 'हो' मात्र फिरदोसच्या घागरीबरोबर वर गेले आणि तिथून सगळ्या मजल्यांना पुरले.

त्याच्या पुढच्या पाण्याला मथुराबाई आल्या. या निवृत्त मुख्याध्यापिका, आणि सकाळी फिरायला जाणाऱ्या बायकांच्या मंडळाच्या न निवडलेल्या अध्यक्ष. त्या घागर घेऊन आल्या नाहीत, तेव्हाच अंकितानं सावध व्हायला हवं होतं.

"अंकिता, मेमध्ये इथं भाजून निघण्यापेक्षा आम्ही कुठंतरी गारव्याला जायचं म्हणतोय. भूतान कसं काय?"

"हो, चांगलं आहे. काकू, पाय जरा वर घ्या."

"मग येत्या रविवारी पार्किंगमध्ये सगळ्यांना माहिती देशील?"

"हो."

नळ बंद झाला तेव्हा आपण काय कबूल केलं ते अंकिताच्या ध्यानात आलं. तोवर मथुराबाईंनी खुर्च्या सांगूनही टाकल्या होत्या.

रविवारी पार्किंगमध्ये उभं राहताना तिनं पहिलं वाक्य पाठ करून ठेवलं होतं: 'मी काही प्रत्यक्ष गेलेली नाही.' पण ते तोंडाबाहेर पडायच्या आत मागच्या खुर्चीवरून प्रश्न आला, "तिकडं शाकाहारी मिळतं का?" आणि अंकिताला उत्तर माहीत होतं. त्याच्या पुढच्या प्रश्नाचंही. शहरात सिग्नल नाही, पोलीस हातानं गाड्या वळवतो, आणि नाचल्यासारखा वळवतो. आपलं सिमकार्ड चालेलच असं नाही, तिकडचं एक घ्यावं. पायाला गोळे आले तर काय, दम लागला तर काय. सहा वर्षं जे कुणी विचारलं नव्हतं ते वीस बायका हात वर करकरून विचारत होत्या. ते पाठ केलेलं वाक्य घशात होतं तिथेच विरघळलं.

बजाबाई पहिल्या रांगेत, सानूला मांडीवर घेऊन, तोंड उघडं ठेवून ऐकत होत्या. घरात आल्यावर त्यांनी सुनेला नीट न्याहाळलं.

"म्हंजी गेलावता व्हय तुमी. मला आपलं वाटलं, त्ये कोरोनात ऱ्हायलं. आद्यानं कंदी सांगितलं न्हाय."

"आत्या, ते..."

"भाकरी पुरल्या का तितं?"

"पुरल्या," अंकिता म्हणाली. एवढं तरी खरं होतं.

चार दिवसांनी मथुराबाई यादी घेऊन आल्या. त्यांचा भाचा श्रीशैल सहली काढायचा. विमानानं जायचं, आणि तिकडे फिरायची गाडी दहा जणींची. "नऊ जणी पक्क्या. दहावी तू. वाट दाखवायला कुणीतरी पाहिजे की."

अंकितानं दार लावलं आणि तशीच दाराला टेकून उभी राहिली. मग खुर्चीवर चढून माळ्यावरची बॅग काढली. बॅगेला सहा वर्षांपूर्वी लावलेलं कुलूप अजून तसंच होतं, किल्ली मात्र सापडेना. आदिनाथला फोन केला. तो म्हणाला, "जा तू. मी सुट्टी टाकतो, सानूला मी आणि आई बघतो." मतदार कार्ड डाळीच्या डब्याखालच्या पिशवीत सापडलं. आणि खोट्याचं काय? त्यावर तिनं फार सोपा तोडगा काढला होता. एकदा जाऊन आलं की आधी बोललेलं आपोआप खरं होणार. गेलो होतोच, फक्त बोलणं आधी झालं आणि जाणं नंतर, एवढाच फरक.

हा आनंद चार दिवस टिकला. पाचव्या दिवशी पाणी आलं.

मोरीत घागरींची रांग लागलेली. मथुराबाई दारात यादी वाचत होत्या. नळाखाली घागर लावता लावता फिरदोस म्हणाली, आणि अगदी मनापासून म्हणाली, "बाई, एक बोलू का? अंकिता तर बघून आली सगळं. परत तेच दाखवायला तिला कशाला ओढता, लहान पोरीला सोडून? तिची वही न्या. वहीत झाडन् झाड लिहिलंय. आणि तिच्या जागेवर बजाबाईंना न्या. त्या बिचाऱ्या कुठं गेल्यात कधी?"

"खरंच की," मथुराबाई म्हणाल्या. "हे मला कसं सुचलं नाही?"

अंकितानं पाइप खाली टाकला. आता बोलायलाच हवं होतं. सगळ्यांसमोर, आत्ता, पाणी वाहून गेलं तरी चालेल. एवढं एकच वाक्य होतं. तिनं तोंड उघडलं.

"म्या?" बजाबाई मागे उभ्या होत्या. हातातला तांब्या त्यांनी छातीशी धरला होता. "म्या इमानात?"



"आमचं म्हायेर जेऊरला," त्या सांगू लागल्या, कुणी विचारलेलं नसताना. "ठेसनाच्या अंगालाच घर. ल्हानपनी सारा दिस गाड्या बघायचो. कोन उतरलं, कोन चढलं. कुटं जात्याती म्हून इचारलं तर आय म्हनायची, लांब. लगीन झालं तर सासर करमाळा. त्ये बी बैलगाडीनं." त्या हसल्या. "गाडीत बसायचंच ऱ्हायलं बगा."

अंकितानं तोंड मिटलं. खाली वाकून पाइप उचलला.

"अंकिता, मग वही देशील ना?" मथुराबाईंनी विचारलं.

"हो," अंकिता म्हणाली. हा 'हो' मात्र तिनं ऐकून, समजून म्हटला होता.

शनिवारी आदिनाथ आला तो दारातच थबकला. जिन्यात त्याची आई, नऊवारी नेसून, पायात पांढरेशुभ्र बूट घालून, पायऱ्या चढत-उतरत होती.

"तिसरी खेप हाय," ती म्हणाली. "अंकितानं सांगितलंय, रोज दहा. तितं सातशेच्या वर पायऱ्या हायत्या."

आत येऊन त्यानं दार लोटलं. "तू सांगितलं नाहीस त्यांना, आपण गेलोच नव्हतो म्हणून?"

"नाही."

"मग मी सांगतो. एका मिनिटाचं काम आहे. आई काही वाईट वाटून घेणार नाही."

"तेच तर. त्या लगेच बूट काढून ठेवतील. नव्या खोक्यात, नीट कागदात गुंडाळून." अंकिता कणकेचा गोळा उगाच पुन्हा मळू लागली. "अहो, काल त्या झोपताना बूट उशाशी घेऊन झोपल्या होत्या."

आदिनाथनं ओट्यावर सांडलेलं पीठ बोटानं गोळा केलं. मग म्हणाला, "पुढच्या वर्षी आपण..." आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून उरलेलं वाक्य गिळलं.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात दहा जणी निघाल्या. बरोबर चाळीस कडक भाकरी, तीन किलो शेंगाचटणी, दहा सोलापुरी चादरी आणि एक वही. स्टेशनवर बजाबाईंनी सुनेचा हात धरला. "तू बघितलंयस म्हून बरं. आंदळ्यावानी जात न्हाई आमी."

त्यानंतरचे आठ दिवस अंकितानं भूतान दूरवरून चालवलं. दहा जणींत तिकडचं सिमकार्ड एकीकडेच, मथुराबाईंकडे. त्यांच्या फोनवरून प्रत्येकीचा प्रश्न यायचा. भाजीत मिरची आहे की मिरचीतच भाजी? स्तूपाला कुठल्या बाजूनं वळायचं? फिरदोसनं विचारलं, तिकडचा पुरुषांचा झगा किती मीटरचा असतो. अंकिता एका हातानं सानूची वेणी घालत, दुसऱ्या हातानं फोन धरून उत्तरं द्यायची. इकडे सोलापूर चव्वेचाळीस अंशांवर तापलेलं, आणि ती सांगायची, "कानाला रुमाल बांधा, संध्याकाळी गार वारा सुटेल." तो सुटायचाही. मथुराबाई म्हणायच्या, "पोरगी डोळ्यांनी बघून आलीय, उगाच नाही."

सहाव्या दिवशी सकाळी साडेदहाला इथे नळानं सुस्कारा सोडला, आणि त्याच वेळी फोन वाजला.

पडद्यावर नुसतं धुकं होतं. मग बजाबाईंचं अर्धं कपाळ आलं.

"अंकिता, आमी घोड्यावरनं उतरलो. च्या पिलो. आता ह्या समद्या म्हनत्यात, परत फिरू. फुडं पायऱ्या खाली चालल्यात. वर जायचं तर खाली कशापायी? वाट चुकलो आमी."

"चुकलेल्या नाही आत्या. उतरा. खाली धबधबा लागेल, छोटा पूल आहे, मग पुन्हा वर." तिनं फोन खांद्यात धरला आणि पाइप पिंपात सोडला. "आणि एक करा. खाली उतरायच्या आधी कठड्यापाशी थांबा. समोर बघा."

फोन हलला. दहा बायकांच्या दम लागलेल्या श्वासांचा आवाज आला आणि एकदम थांबला. धुकं सरकलं होतं. पडद्यावर बोटाच्या पेराएवढं पांढरं-लाल काहीतरी कड्याला लटकलेलं दिसलं, आणि सगळं पुसट झालं.

"आगं बया," बजाबाई हळूच म्हणाल्या.

अंकितानं हा कठडा वहीत नऊ वेळा काढला होता. तिला त्याचा प्रत्येक दगड माहीत होता. नकाशे, फोटो, लोकांनी लिहिलेलं, सगळं तिनं पालथं घातलं होतं. फक्त एक गोष्ट कुणी कुठे लिहिली नव्हती. पिंप भरून पाणी पायांवरून वाहायला लागलं तरी तिला कळलं नाही.

"आत्या," ती म्हणाली, "तिथं वास कसला येतो हो?"

पलीकडून वारा ऐकू आला. नुसता वारा. फोन तुटला असं वाटेपर्यंत वारा.

मग बजाबाई बोलल्या, पण आवाज खाली आणून, फोन तोंडाशी धरून, बाकीच्यांपासून चार पावलं लांब गेल्यासारख्या.

"धूपाचा. आन वल्या लाकडाचा. चुलीत वलं जळान घातल्यावर येतो त्यो, पर ग्वाड." जरा थांबून त्या म्हणाल्या, "अंकिता, तितं पानी आलंय का आता?"

"हो, आत्या."

"आन त्या दिशी, फिरदोसनं इचारलं तवा? तवा बी आलं व्हतं न्हवं?"

अंकितानं नळाकडे बघितलं. "हो."

"मग भर तू," बजाबाई म्हणाल्या. "पानी जाईल. म्या उतरती खाली."

त्या उतरल्या, पुन्हा चढल्या, आणि मथुराबाई निम्म्यावर बसल्या तरी या वरपर्यंत गेल्या, असं नंतर फिरदोसनं सांगितलं. सांगायचं ते सगळं दहा जणींनी पार्किंगमध्ये सांगितलं, परत आल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. पुन्हा खुर्च्या मांडल्या होत्या. फोन हातोहात फिरत होता. उरलेली एक कडक भाकरी प्रसादासारखी तुकडा तुकडा वाटली गेली.

"वहीत लिहिलंय तस्सं सगळं," मथुराबाई म्हणाल्या. "शब्द इकडचा तिकडे नाही. अंकिता, तुमचे तेव्हाचे फोटो दाखव की. आमच्याशी ताडून बघू."

अंकितानं चहाचा ट्रे पुढच्या खुर्चीकडे वळवला.

"त्ये कुटलं आता," बजाबाईंनी पायातल्या बुटांची नाडी सोडता सोडता सांगितलं. "आद्याच्या जुन्या मोबाइलात व्हते. त्यो मोबाइल पडला पिंपात, पानी भरताना." आणि वर न बघता त्या फिरदोसला म्हणाल्या, "च्या घे की गं, निवतोय."

त्या दिवशी पाणीसुद्धा आलेलं नव्हतं. सासूबाई कोरड्या दिवशी खोटं बोलल्या होत्या, सुनेसाठी.

मग त्यांनी पिशवीतून वही काढली आणि तिच्या हातात दिली. वही फुगली होती, कोपरे दुमडले होते, चहाचे दोन डाग होते. अंकितानं वाघाच्या घरट्याचं पान उघडलं. कठड्यापाशी तिनं सोडलेल्या मोकळ्या जागेत पेन्सिलीनं, एकेक अक्षर वेगळं काढून लिहिलं होतं: 'वास. धुप. वलं लाकुड. ग्वाड.' शेजारी देवदाराची एक काडी, हिरवी होती ती आता पिवळटलेली. अंकितानं वही तोंडाजवळ नेली. खुर्च्या, बायका, तापलेली फरशी, सगळं क्षणभर लांब गेलं.

"आई."

सानू फोन घेऊन समोर उभी होती. तिनं सगळे फोटो दोनदा बघितले होते आणि कपाळाला आठ्या घातल्या होत्या. तिचा आवाज पार्किंगमध्ये स्वच्छ घुमला, आणि हातातले कप हातात ठेवून सगळ्या बायका हसऱ्या तोंडानं ऐकू लागल्या. बजाबाईंची नाडी बोटांत तशीच राहिली. अंकितानं सवयीनं मोरीच्या खिडकीकडे कान दिला. नळ गप्प होता. पाण्याला अजून दोन दिवस होते.

"आई, तू तिथं गेली होतीस, तेव्हा मी कुठं होते गं?"